दगडांचा संग्रह : एक उपेक्षित छंद

ज्या घरांत पंचायतन-पूजा चालते त्या घरांत निवडक दगडांचा एक संग्रह पिढ्यानपिढ्या नांदत असतो, ही गोष्ट सहसा आपल्या ध्यानांत येत नाहीं. गंडकीचा शाळिग्राम, नर्मदेचा बाण, शोण नदीचा तांबडा गणपति. प्रत्येक पाषाणाचें स्थान वडीलधाऱ्यांस मुखोद्गत असतें. शाळिग्रामांतील चक्र हा कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या सागरी जीवाचा अवशेष होय, असें भूगर्भशास्त्र सांगतें. त्यायोगें त्याचें पावित्र्य उणावत नाहीं. आपलें कुतूहल मात्र वाढतें. मग एखादा मुलगा खिसाभर दगड घेऊन घरीं आला असतां ‘हा केर कशाला आणलास?’ म्हणून त्यास दटावणें कितपत उचित आहे?

या छंदास आपल्या महाराष्ट्राइतकी अनुकूल भूमि क्वचितच आढळेल. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं येथें लाव्हारसाचे थरांवर थर पसरले आणि त्यांचाच हा काळा पाषाण झाला. आजही त्यानें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापिला आहे. रस निवत असतां त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, व पुढें खडकांतून झिरपणाऱ्या उष्ण पाण्यानें त्या पोकळ्यांत नानाविध स्फटिक घडविले. पेंढीसारखा बांधलेला गुलाबी स्टिल्बाइट, पाण्यासारखा नितळ वा हिरवट अपोफिलाइट, शुभ्र सुयांचा स्कोलेसाइट, आणि जगांत फारच थोड्या ठिकाणीं सांपडणारा, पुण्याजवळील वाघोलीचा निळा कॅव्हन्साइट! यांपैकीं स्टिल्बाइट व स्कोलेसाइट झिओलाइट वर्गांत मोडतात. तापविलें असतां हीं खनिजें उकळल्यासारखीं फसफसतात, हें पाहून स्वीडनच्या क्रोन्स्टेड यानें १७५६ सालीं त्यांस ‘उकळणारा दगड’ या अर्थाचें हें ग्रीक नांव दिलें.

परीक्षेस मोठीं उपकरणें नकोत. गारगोटीनें कांचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटनें उठत नाहीं. कॅल्साइटच्या चुऱ्यावर लिंबाचा रस पिळल्यास बारीक बुडबुडे येतात. एवढ्यावरून दहा वर्षांच्या मुलासही दोहोंतील भेद कळतो.

मात्र दोन पथ्यें कटाक्षानें पाळावींत. लेण्यांच्या वा किल्ल्यांच्या दगडांस कधींही हात लावूं नये; आणि खाणींत मालकाच्या अनुज्ञेनें, सुरुंगाचें काम बंद असतांना व मोठ्या माणसासहच जावें. खाणींतील कितीएक सुंदर स्फटिक खडीच्या यंत्रांत नित्य चुरडले जातात. त्यांतला एखादा वांचविणें हें लहान काम नव्हे.

पण दगड वांचला म्हणजे ज्ञान वांचलें असें नाहीं. कोठें, केव्हां व कोणत्या खडकांत तो सांपडला, याची चिठ्ठी त्याच दिवशीं त्यासोबत ठेवावी. चिठ्ठी हरवलेला स्फटिक शोभेचा उरतो. अभ्यासकास तो फारसें कांहीं सांगूं शकत नाहीं. दिवाणखान्यांतील एक फळी मुलांस मोकळी करून द्यावी, आणि नाशिकच्या बाजूस जाणें झाल्यास सिन्नरचें गारगोटी संग्रहालय त्यांस अवश्य दाखवावें. ज्या भूमीवर आपण राहतों तिचा इतिहास मुलांना आपल्या हातांनीं पारखतां येईल, याहून स्वस्त व टिकाऊ शिक्षण आम्हांस तरी ठाऊक नाहीं.