नोड : दृश्यमिश्रणातील कार्यकारणभाव

चित्रपटातील एक दृश्य अनेकदा वेगवेगळ्या चित्रांच्या संयोगातून सिद्ध होते. न्यूक या संगणकप्रणालीत हे कार्य ‘नोड’ करतात. ‘रीड’ चित्र आत आणतो, ‘ग्रेड’ रंग व उजेड सुधारतो, ‘मर्ज’ दोन चित्रे एकत्र करतो, ‘राइट’ तयार दृश्य साठवतो. मूळ चित्र अबाधित राहते.

मात्र नोडचा क्रम महत्त्वाचा. पार्श्वभूमीपासून वेगळ्या केलेल्या आकृतीचे रंग सहसा अपारदर्शकतेच्या मूल्याने गुणलेले असतात. ग्रेडपूर्वी ‘अनप्रीमल्ट’ने तो गुणाकार काढून नंतर ‘प्रीमल्ट’ने पुन्हा न केल्यास कडेवर विजोड रेषा उमटू शकते. दोष शेवटी दिसतो. कारण मागच्या नोडमध्ये असते.

कार्यावरून कारणाकडे जाण्याची, प्रतीत्यसमुत्पादाने शिकवलेली दृष्टी येथेही उपयोगी पडते. या व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी बटणे पाठ करण्यापेक्षा प्रत्येक नोडचे कार्य जाणून घ्यावे. प्रणाली बदलली तरी ते ज्ञान टिकते.