फॉर्म, वृत्ती आणि साडेदहा कोटी युरो

१६ एप्रिल २०२४. बार्सिलोना शहरात माँटजुइक टेकडीवरचं ऑलिम्पिक स्टेडियम. चॅम्पियन्स लीगच्या उपउपान्त्य फेरीचा दुसरा सामना. पॅरिस सेंट जर्मेनच्या उस्मान डेम्बेलेच्या पायात चेंडू आला, की स्टेडियमभर शिट्ट्या घुमत होत्या. आपल्याकडे शिट्टी म्हणजे खुशी. स्पेनमध्ये शिट्टी म्हणजे धिक्कार. सहा वर्षं याच क्लबचा असलेल्या या खेळाडूने त्या शिट्ट्यांतच गोल केला. पॅरिसने सामना ४-१ असा जिंकला आणि बार्सिलोना स्पर्धेबाहेर गेली.

त्यानंतर दीड वर्षाच्या आत डेम्बेलेला जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा बॅलन डी'ओर मिळाला. मग प्रश्न विचारला जाऊ लागला : बार्सिलोनाच्या प्रेक्षकांना हा मुलगा ओळखताच आला नाही का? मला हा प्रश्न थोडा चुकीचा वाटतो. त्यापेक्षा प्रेक्षक नेमकं काय पाहत होते आणि जे दिसत नव्हतं त्याला काय नाव देत होते, हे तपासणं अधिक उपयोगाचं आहे. कारण क्लब बदललेल्या तरुण खेळाडूबद्दल जगभरच्या चाहत्यांच्या तोंडी दोनच शब्द असतात : फॉर्म आणि वृत्ती. पहिला निदान मोजता येतो. दुसरा मोजता येत नाही, आणि म्हणूनच तो फार सहज वापरला जातो.

डेम्बेलेचा जन्म १५ मे १९९७चा, फ्रान्सच्या नॉर्मंडी भागातल्या व्हर्नाँ गावचा. वडील मूळचे मालीचे, आईचं मूळ मॉरिटानिया आणि सेनेगलकडचं. रेन क्लबकडून २०१५-१६च्या पहिल्याच मोसमात फ्रेंच लीगमध्ये त्याने १२ गोल केले. २०१६मध्ये जर्मनीच्या बोरुसिया डॉर्टमुंडने त्याला घेतलं. तिथे थॉमस टुखेलच्या हाताखाली तो असा काही खेळला, की मे २०१७मध्ये जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात पहिला गोल त्याचाच होता. डॉर्टमुंडने तो चषक जिंकला. मुलगा तेव्हा नुकता वीस वर्षांचा झाला होता.

मग ऑगस्ट २०१७ उजाडला. नेमार २२.२ कोटी युरोंना बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला. बार्सिलोनाच्या तिजोरीत अचानक प्रचंड पैसा आणि संघात तेवढाच मोठा खड्डा! समोरच्या प्रत्येक क्लबला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. ज्याच्या खिशात पैसे आहेत आणि गरजही आहे, अशा गिऱ्हाइकाला बाजारात कोण सोडतो? डेम्बेलेने डॉर्टमुंडच्या सरावाला दांडी मारली, क्लबने त्याला निलंबित केलं, आणि ऑगस्टअखेर १०.५ कोटी युरो, शिवाय अटींवर आधारित आणखी ४ कोटींपर्यंत, अशा रकमेला तो बार्सिलोनाचा झाला. तेव्हाच्या दराने मूळ रक्कमच जवळपास ८०० कोटी रुपयांची.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. सरावाला दांडी मारणं हा वृत्तीचाच प्रश्न होता, आणि डॉर्टमुंडच्या पिवळ्या भिंतीसारख्या उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांना त्याचा संताप आला तो रास्तच होता. बार्सिलोनाच्या गोटात मात्र तेव्हा याच दांडीकडे 'पोराला आमच्याकडेच यायचंय' अशा कौतुकाने पाहिलं गेलं. कृती एकच, ती आपल्या बाजूने झाली तर ओढ, विरुद्ध झाली तर बेइमानी. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. एका तालमीचा पोरगा दुसऱ्या तालमीकडून उतरला, की एका पेठेत त्याची वृत्ती रातोरात बिघडते आणि दुसऱ्या पेठेत तितक्याच वेगाने सुधारते.

बार्सिलोनासाठी लीगमध्ये तो पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरला तो १६ सप्टेंबर २०१७ रोजी, गेटाफेविरुद्ध. अर्धा तासही झाला नव्हता. चेंडू टाचेने मागे मारायला गेला आणि डाव्या मांडीच्या मागचा, ज्याला खेळाडू हॅमस्ट्रिंग म्हणतात त्या स्नायूचा कंडरा तुटला. फिनलंडमध्ये शस्त्रक्रिया झाली. जानेवारी २०१८मध्ये परतला आणि त्याच महिन्यात पुन्हा दुखावला. फेब्रुवारी २०२०मध्ये पुन्हा हॅमस्ट्रिंग, पुन्हा फिनलंड, पुन्हा शस्त्रक्रिया. सहा मोसमांत मिळून तो बार्सिलोनाकडून १८५ सामने खेळला आणि ४० गोल केले.

या रिकाम्या जागा कशाने तरी भरायच्या होत्या. स्पॅनिश वर्तमानपत्रांनी त्या भरल्या : सरावाला उशिरा येतो, रात्र रात्र व्हिडिओ गेम खेळतो, खाण्यापिण्याला शिस्त नाही. यातलं सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. पण पुरावा आणि निष्कर्ष यांच्यामधली उडी पाहण्यासारखी आहे. उशिरा येणं हे वर्तन. त्यावरून 'याला खेळाची किंमतच नाही' हा स्वभावाचा निवाडा. आणि 'म्हणूनच स्नायू फाटतो' हे थेट वैद्यकीय निदान. गॅलरीत बसून तिन्ही पायऱ्या एका श्वासात चढल्या जात होत्या.

मानसशास्त्रात या उडीचा जुना अभ्यास आहे. १९६७मध्ये एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या संशोधकांनी विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले, आणि लिहिणाऱ्याचं खरं मत काय असेल ते ओळखायला सांगितलं. काही वाचकांना तर स्पष्टच सांगितलं होतं, की बाजू लिहिणाऱ्याने निवडलेली नाही, ती त्याला नेमून दिलेली आहे. तरीही बाजूने लिहिणारा माणूस मुळातच कॅस्ट्रोकडे झुकलेला असणार, असंच वाचकांना वाटत राहिलं. पुढे १९७७मध्ये ली रॉस यांनी या प्रवृत्तीला मूलभूत आरोपण-दोष असं नाव दिलं. आपण माणूस पाहतो. परिस्थिती पाहत नाही. फुटबॉलच्या मैदानात तर परिस्थिती जवळजवळ अदृश्यच असते. प्रशिक्षकाने काय सांगितलंय, बाजूचा खेळाडू कुठे उभा राहायला हवा होता, स्नायू किती दुखतोय, यातलं काहीच वरून दिसत नाही. दिसतो तो चेहरा आणि खांदे. खांदे पडलेले दिसले, की निकाल लागला.

डेम्बेलेच्या बाबतीत ही अदृश्य परिस्थिती बरीच मोठी होती. डॉर्टमुंडमध्ये त्याच्यापुढे मोकळं मैदान असे. चेंडू हिसकावला की झटक्यात पुढे, आणि धावायला जागाच जागा. बार्सिलोनाविरुद्ध मात्र निम्मे संघ आपल्या गोलसमोर दहा माणसं उभी करून बसतात. तिथे धावायला जागा नसते. चेंडू जपून फिरवत राहावा लागतो. डेम्बेलेचा खेळ मुळात जुगारी. दोन्ही पाय सारखे चालतात, कॉर्नरसुद्धा तो कधी उजव्याने मारतो, कधी डाव्याने. पण चारदा चकवायला गेला की दोन-तीनदा चेंडू गमावणार, आणि एकदा सगळा बचाव फाडणार. चेंडू गमावणं हे डॉर्टमुंडमध्ये धाडसाची किंमत समजलं जाई. योहान क्रॉयफच्या शिकवणीवर वाढलेल्या बार्सिलोनाच्या प्रेक्षकाला तोच गमावलेला चेंडू बेपर्वाईचा पुरावा वाटे. खेळाडू बदलला नव्हता. त्याच्या चुकीचा अर्थ लावणारी गॅलरी बदलली होती.

आणि रक्कम. ती प्रत्येक चुकीच्या शेजारी उभी असे. खरं तर कोणताही क्लब तरुण खेळाडूला विकत घेतो तो त्याच्या उत्तम मोसमानंतरच. वाईट मोसमानंतर कोण घेतो? उत्तम मोसमात गुण असतात तसं थोडं नशीबही असतं. पुढच्या वर्षी गुण सोबत येतात, नशिबाची खात्री नसते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्सिस गॉल्टनने उंच आईबापांच्या मुलांच्या उंच्या मोजून ही सरासरीकडची घसरण दाखवून दिली होती. म्हणजे मोठ्या रकमेला आलेला खेळाडू पहिल्या वर्षी थोडा खाली येणं हे गणितातच लिहिलेलं आहे. गॅलरी मात्र त्याला 'पैसा डोक्यात गेला' म्हणते.

रकमेचा परिणाम फक्त गॅलरीवर होतो असंही नाही. अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉलवर बॅरी स्टॉ आणि हा होआंग यांनी १९९५मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे नव्या खेळाडूंची निवड क्रमाने होते. वरच्या क्रमाचा खेळाडू जास्त मोलाचा. या दोघांना आढळलं, की प्रत्यक्ष कामगिरी, दुखापती, खेळण्याची जागा हे सगळं हिशेबात धरूनसुद्धा वरच्या क्रमाने घेतलेल्यांना मैदानावर जास्त वेळ मिळतो आणि संघ त्यांना जास्त काळ सांभाळतो. गुंतवलेला पैसा डोळ्यांवर पट्टी बांधतो. व्यवस्थापनाला त्याच पैशामुळे खेळाडू सोडवत नाही, आणि प्रेक्षकाला त्याच पैशामुळे तो सोसवत नाही.

बार्सिलोनाचा प्रेक्षक तर निव्वळ प्रेक्षकही नाही. या क्लबला कुणी धनाढ्य मालक नाही. लाखाहून अधिक सभासद त्याचे मालक आहेत आणि अध्यक्ष निवडणुकीने ठरतो. सभासदाच्या दृष्टीने डेम्बेलेवर उधळलेला पैसा त्याचा स्वतःचा होता. पुढे कुटिन्हो आणि ग्रीझमन यांच्यावरही अशाच अफाट रकमा गेल्या, क्लब कर्जात रुतला आणि ऑगस्ट २०२१मध्ये मेस्सीला ठेवणंसुद्धा परवडेना. त्या रागाला एक चेहरा हवा होता. सह्या करणारे पदाधिकारी २०२०मध्येच पायउतार झाले होते. मैदानात उतरत होता तो डेम्बेले.

वंशाचा मुद्दाही टाळता येणार नाही. २०२०मध्ये युरोपातल्या चार लीगमधल्या ८० सामन्यांचं समालोचन तपासलं गेलं. बुद्धी आणि मेहनत यांचं कौतुक गोऱ्या खेळाडूंच्या वाट्याला जास्त येत होतं. वेग आणि ताकद यांचं काळ्या खेळाडूंच्या. 'वृत्ती' हा शब्द या हवेत फिरतो तेव्हा तो निरागस नसतो. तरी डेम्बेलेचं सगळं दुखणं यातच आहे असं मला वाटत नाही, आणि त्याला कारण आन्सू फाती. गिनी-बिसाऊत जन्मलेला, पण बार्सिलोनाच्याच अकादमीत वाढलेला हा मुलगा नोव्हेंबर २०२०मध्ये गुडघ्याला जायबंदी झाला. शस्त्रक्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, नंतर हॅमस्ट्रिंगही गेला. लोक हळहळले, मेस्सीची १० क्रमांकाची जर्सीसुद्धा त्याला मिळाली. त्याचं दुखणं दुर्दैव ठरलं, डेम्बेलेचं चारित्र्य. एक घरचा होता, दुसरा विकत आणलेला.

शिट्ट्यांचा कळस २०२२च्या हिवाळ्यात झाला. करार जूनमध्ये संपणार होता आणि डेम्बेले सही करत नव्हता. २० जानेवारीला क्लबचे संचालक मातेउ आलेमानी यांनी जाहीरपणे सांगून टाकलं, की त्याने महिनाअखेरपर्यंत क्लब सोडावा. तो गेला नाही. ६ फेब्रुवारीला अ‍ॅटलेटिको माद्रिदविरुद्धच्या सामन्यात त्याचं नाव पुकारताच कॅम्प नोऊ शिट्ट्यांनी भरून गेलं. पण प्रशिक्षक चावीने त्याला टाकलं नाही. २७ फेब्रुवारीला अ‍ॅथलेटिक बिल्बाओविरुद्ध तो बदली खेळाडू म्हणून उतरला, तेव्हाही शिट्ट्या होत्याच. त्याने एक गोल केला, दोन करवले, आणि त्याच गॅलरीतून टाळ्या आल्या. त्या मोसमात स्पॅनिश लीगमध्ये सर्वाधिक, १३ गोल करवणारा खेळाडू तोच. आता अर्ध्या तासात कुणाची वृत्ती बदलते का? बदलला होता तो निकाल.

निकालावरून निर्णय जोखण्याची ही खोड १९८८मध्ये जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी दाखवून दिली. डॉक्टरचा तोच निर्णय, तीच माहिती. रुग्ण वाचला तर लोकांना निर्णय शहाणपणाचा वाटतो, दगावला तर मूर्खपणाचा. १ मे २०१९ला लिव्हरपूलविरुद्ध बार्सिलोना ३-० पुढे असताना शेवटच्या क्षणी मेस्सीच्या पासवर डेम्बेलेने चेंडू अगदी मऊपणे गोलरक्षकाच्या हातात दिला. सहा दिवसांनी अ‍ॅनफिल्डवर बार्सिलोना ४-० हरली. ती हरली नसती, तर तो फटका आज कुणाला आठवला असता?

पण मग हाच नियम उलट बाजूनेही लावायला हवा. बॅलन डी'ओर मिळाला म्हणून त्याची वृत्ती पहिल्यापासून सोन्यासारखी होती असं म्हणणं, हीसुद्धा तीच खोड. पॅरिसमध्ये सगळं सुरळीत होतं असं नाही. १ ऑक्टोबर २०२४ला आर्सेनलविरुद्धच्या सामन्यासाठी प्रशिक्षक लुईस एन्रिकेने त्याला संघातूनच वगळलं, आणि संघाच्या शिस्तीत न बसणाऱ्याला जागा नाही हे पत्रकारांपुढे न लपवता सांगितलं. पॅरिस तो सामना २-० हरलं. एन्रिकेचा हा न्याय आणि कॅम्प नोऊचा न्याय यांत मला मोठा फरक दिसतो. एन्रिकेने एका वागण्याला एक शिक्षा दिली, हिशेब मिटवला आणि पुढच्या सामन्यांत त्याला परत घेतलं. डिसेंबरपासून तर त्याला कडेवरून उचलून आघाडीच्या मधोमध आणलं. एम्बापे माद्रिदला गेल्याने ती जागा रिकामीच होती. त्या मोसमात डेम्बेलेने ३५ गोल केले. ३१ मे २०२५ला म्युनिकच्या अंतिम सामन्यात पॅरिसने इंटर मिलानचा ५-० असा फडशा पाडला. डेम्बेलेचा त्यात गोल नव्हता, पण इंटरच्या गोलरक्षकावर आणि बचावपटूंवर त्याने सतत जे धावून जाणं चालवलं होतं, त्याबद्दलच याला बॅलन डी'ओर द्यावा, असं एन्रिके म्हणाला. आळशी म्हणून हिणवलेल्या खेळाडूचं कौतुक गोलांसाठी नाही, पळण्यासाठी झालं.

२२ सप्टेंबर २०२५ला पॅरिसच्या शातले नाट्यगृहात आईला शेजारी घेऊन त्याने रडत रडत पुरस्कार स्वीकारला. त्याच रात्री त्याचा संघ मार्सेयमध्ये सामना खेळत होता आणि हरत होता. डेम्बेले तिथे नव्हता, कारण ५ सप्टेंबरला युक्रेनविरुद्ध फ्रान्सकडून खेळताना त्याचा हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावला होता. या वेळी व्हिडिओ गेमचा विषय निघाला नाही. पॅरिसच्या क्लबने पत्रक काढून दोष दिला तो फ्रेंच फुटबॉल संघटनेच्या वैद्यकीय व्यवस्थेला.