संमोहन आणि घरची माणसं

संमोहन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो स्टेजवरचा जादूगार. पण या संमोहनाचा उपयोग रुग्णासाठी आणि त्याच्या कुटुंबासाठी करणारे एक डॉक्टर होऊन गेले. त्यांची ही ओळख.

डॉ. मिल्टन एरिक्सन (१९०१-१९८०) हे अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ. सतराव्या वर्षी पोलिओने शरीर लुळं पडलं. अंथरुणावर पडल्या पडल्या ते घरच्यांचं निरीक्षण करत. तोंडाने 'हो' म्हणणाऱ्याचा सूर 'नाही'चा असतो, हे त्यांनी तिथेच टिपलं. १९२८ साली त्यांनी वैद्यकीय आणि मानसशास्त्राच्या पदव्या मिळवल्या. १९५७ साली ते अमेरिकेतील वैद्यकीय संमोहन संस्थेचे संस्थापक अध्यक्ष झाले.

संमोहन म्हणजे झोप नव्हे, तर एकवटलेलं लक्ष. पुस्तकात गढलेल्या माणसाला हाक ऐकू येत नाही, तसंच काहीसं. अशा वेळी योग्य सूचना मनात लवकर रुजते.

त्यांच्याकडे अंगठा चोखणाऱ्या एका १६ वर्षांच्या मुलीची केस आली. सगळे तिला रागावून थकले होते. एरिक्सननी आईवडिलांकडून वचन घेतलं, की महिनाभर त्यांनी याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. मुलीला सांगितलं, "रोज घड्याळ लावून वीस मिनिटं बाबांशेजारी बसून मोठ्ठा आवाज करत अंगठा चोख, मग वीस मिनिटं आईशेजारी!" बंडाचं झालं कर्तव्य आणि महिन्याच्या आत सवय सुटली. जे हेली यांनी १९७३ साली 'अनकॉमन थेरपी' या पुस्तकातून अशा केसेस जगासमोर आणल्या आणि फॅमिली थेरपीला नवी दिशा मिळाली.

आता आपल्याकडे पाहू या. पीएसएलईच्या वर्षी मुलाचं पोट रोज सकाळी दुखतं. आधी डॉक्टरांकडून तपासणी हवीच. पण सगळं नॉर्मल निघालं, तर 'याला काय झालंय?' याबरोबरच 'घरात परीक्षेबद्दल कोण, किती वेळा बोलतं?' हेही विचारावं. भारतातून फोनवर मार्क विचारणारे आजी-आजोबाही त्यात आले!

संमोहन हे एक साधन आहे, संपूर्ण उपचार नव्हे. म्हणून ते देणारी व्यक्ती आधी प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ किंवा डॉक्टर आहे ना, हे जरूर विचारा. सिंगापुरात सुरुवात पॉलिक्लिनिक किंवा जवळच्या फॅमिली सर्व्हिस सेंटरपासून करता येते. मन फारच खचलं असेल, तर एसओएसची १७६७ ही हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.

आणि समुपदेशकाने "सगळ्यांनी मिळून या" म्हटलं, तर कृपया सगळेच जा!