‘सेल्फ’ गेला म्हणण्यापूर्वी

जळगाव-धुळे भागातल्या आपल्या वस्त्यांत मोटारगाडी आता नवलाईची राहिलेली नाही. कुणाच्या दारात जुनी मारुती व्हॅन उभी असते. कुणी हप्त्यावर छोटा हत्ती घेऊन रावेर-यावलची केळी आणि बाजाराचा भाजीपाला वाहतो. कुणी लग्नसराईत गाडी भाड्याने देतो. यातल्या बहुतेक गाड्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातच्या असतात. त्या हौसेसाठी घेतलेल्या नसतात. घराची चूल त्यांच्यावर पेटते. अशी गाडी एखाद्या पहाटे चावी फिरवूनही गप्प राहिली, तर त्या दिवसाचे भाडे बुडते आणि हप्ता मात्र थांबत नाही.

मग शेजारी जमतात, दोन पोरे धक्का मारतात आणि कुणीतरी निकाल देऊन टाकतो, “भाऊ, सेल्फ गया!” त्या एका वाक्यावर हजारो रुपये खर्च होतात. आमचे वाचकांना एवढेच सांगणे आहे की, हा निकाल लगेच मानू नका. आधी तपास करा. पुष्कळदा सेल्फ निर्दोष असतो आणि दोष बॅटरीत, गंजलेल्या टर्मिनलमध्ये किंवा सैल वायरीत असतो. आणि सेल्फ खरोखरच गेला असेल, तर अनेक जुन्या साध्या गाड्यांत तो अंगणात स्वतः बदलता येतो. त्याला शक्तीपेक्षा क्रम लागतो.

‘सेल्फ’ हे नाव कुठून आले?

पूर्वी मोटारीचे इंजिन लोखंडी हँडल घालून, हाताने फिरवून चालू करावे लागे. जुन्या जीप आणि ट्रकना हँडल मारताना आपल्यातल्या अनेक ज्येष्ठांनी पाहिले असेल. इंजिनाने उलटा झटका दिला की हँडल हातावर बसे आणि मनगट मोडे. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने 1911 साली विजेवर चालणारा स्टार्टर तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांना तो बसवला गेला. गाडी आपली आपण, म्हणजे ‘सेल्फ’ चालू होऊ लागली. तेच नाव आपल्या गॅरेजांत टिकले.

केटरिंग त्याआधी दुकानातल्या गल्ल्याची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होते. गल्ल्याचे यंत्र विजेवर चालावे म्हणून त्यांनी तेथे एक छोटी मोटर तयार केली होती. तिचे काम क्षणभराचे. जोराने फिरायचे आणि पुन्हा विश्रांती घ्यायची. दिवसभर फिरणाऱ्या मोटरीला मोठा आकार लागतो, पण क्षणभरच राबणारी मोटर लहान असूनही मोठा जोर देऊ शकते. गाडीचा सेल्फ याच तत्त्वावर चालतो. म्हणूनच चावी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये. गाडी लागली नाही, तर निदान अर्धा मिनिट थांबावे. सतत सेल्फ मारत राहणारा माणूस आपल्या हाताने आतल्या तारा जाळत असतो.

आत काय घडते?

चावी फिरवली की बारीक वायरीतून वीज सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फच्या पाठीवरच्या लहान नळकांड्याला मिळते. तो एकाच वेळी दोन कामे करतो. दाताच्या छोट्या चाकाला पुढे ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलवरील रिंग गिअरमध्ये अडकवतो आणि जाड वायरीची वीज मोटरीला जोडतो. त्या छोट्या चाकाच्या भागाला मेकॅनिक ‘बेंडिक्स’ म्हणतात, ते व्हिन्सेंट बेंडिक्स या अमेरिकन संशोधकाच्या नावावरून. छोट्या चाकाचे दात थोडे आणि रिंग गिअरचे खूप, त्यामुळे लहानशी मोटर जड इंजिन फिरवू शकते. मात्र त्या काही क्षणांत ती शंभर-दीडशे अँपिअर, डिझेल गाडीत त्याहूनही जास्त प्रवाह ओढते. एवढ्या प्रवाहाला वाटेत थोडा जरी गंज आडवा आला, तरी सेल्फ अडखळतो.

आधी तपास, मग खर्च

पहिली परीक्षा फुकटची आहे. पुढचे मोठे दिवे लावा, एकाला दिव्यांकडे बघायला सांगा आणि चावी फिरवा.

1. ‘टक-टक-टक’ असा आवाज आला आणि दिवे मंद झाले, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या टर्मिनलवर धरा.

2. एकच जोरदार ‘टक’ होऊन दिवे तसेच राहिले, तर सोलेनॉइडचे आतले संपर्क किंवा मोटरीतले कार्बन झिजलेले असावेत.

3. काहीच आवाज नाही आणि दिवे लख्ख आहेत, तर आधी फ्यूज, चावीचा स्विच आणि सोलेनॉइडची बारीक वायर तपासा.

4. मोटर ‘घुर्र’ करून फिरते, पण इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स घसरते आहे.

5. दात घासल्याचा कर्कश आवाज येतो, तर बेंडिक्सचे किंवा रिंग गिअरचे दात झिजले आहेत.

6. बॅटरी चांगली असूनही दिवे एकदम विझल्यासारखे होतात, तर सेल्फ आतून जाम झालेला असू शकतो.

दुसरी परीक्षा बॅटरीची. खान्देशचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या पुढे जातो. अशा उष्णतेत बॅटरीतले पाणी लवकर आटते आणि तिचे आयुष्यही कमी होते. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी दिसली, तर वायरी काढा. आधी वजा खुणेची, मग अधिक खुणेची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तारेच्या ब्रशने टर्मिनल घासा, पुसून कोरडे करा. मग आधी अधिकची आणि शेवटी वजाची वायर घट्ट बसवून वरून थोडे व्हॅसलिन लावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नका. बॅटरीतून इंजिनाला आणि बॉडीला गेलेली अर्थिंगची वायरही दोन्ही टोकांना साफ करा. आमच्या ओळखीच्या एका गाडीमालकाने नवा सेल्फ बसवून घेतला आणि पंधरा दिवसांत तीच तक्रार परत आली. दोष निघाला या अर्थिंगच्या वायरीत.

साधा मल्टिमीटर असेल तर काम पक्के होते. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. 12 च्या खाली असेल, तर ती रिकामी आहे. आधी चार्ज करा. सेल्फ मारताना व्होल्ट साडेनऊच्या खाली घसरत असतील, तर बहुधा बॅटरी थकलेली आहे. व्होल्ट टिकून आहेत आणि तरी सेल्फ फिरत नाही, तेव्हा बॅटरीच्या अधिक टोकापासून सेल्फच्या जाड वायरीच्या नटापर्यंत, चावी फिरवलेली असताना मीटर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर वीज वाटेतच अडते आहे. हे आकडे वाचायला शाळेत जाणारी मुलगीही पुरेशी आहे. तिला बोलवा, तिच्या हातात मीटर द्या.

हात लावण्यापूर्वी

येथे एकही गोष्ट गाळू नका. गाडी सपाट, टणक जागेवर उभी करा. हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कारण सेल्फ कित्येकदा सायलेन्सरच्या पाइपाजवळ असतो. हातातले कडे, घड्याळ, अंगठी काढून ठेवा. बॅटरीजवळ विडी-सिगारेट पेटवू नका, बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो.

खालून काम करायचे असेल, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. जॅक घसरतो. विटाही लावू नका, वजनाने वीट फुटते. लोखंडी स्टँड किंवा जाड, रुंद लाकडी ठोकळे लावा आणि गाडी हलवून खात्री करा. एका दिवसाचे भाडे वाचवायला जीव लावू नये. महामार्गाच्या कडेला तर हे काम मुळीच करू नका.

आणखी एक धोकादायक सवय आहे. काही जण स्क्रू ड्रायव्हर लावून सेल्फची दोन टोके जोडतात. गाडी गिअरमध्ये असेल, तर ती जागच्या जागी उडी घेते आणि समोरचा माणूस चिरडतो. हा प्रकार घरात कुणालाच करू देऊ नका.

काढणे आणि बसवणे

इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे एकमेकांना मिळतात, तेथे सेल्फ असतो. काही गाड्यांत वरून हात पोचतो, काहींत खालून. काढण्यापूर्वी मोबाइलवर वायरींचा फोटो घ्या.

सर्वांत आधी बॅटरीची वजा वायर, म्हणजे बॉडीला गेलेली, काढा आणि बाजूला बांधून ठेवा. कारण सोपे आहे. आधी अधिक वायरीला पाना लावला आणि तो पाना बॉडीला टेकला, तर ठिणगी उडते. वजा निघाली की हा धोका संपतो.

मग सेल्फवरची जाड वायर नट सोडवून काढा आणि बारीक वायर ओढून काढा. गंजलेल्या बोल्टवर गंज सोडवणारे तेल मारून थोडा वेळ थांबा. घाईत बोल्टचे डोके गोल झाले, तर दिवस गेला. सेल्फ बहुधा दोन, काही गाड्यांत तीन बोल्टनी धरलेला असतो. बोल्टची लांबी वेगवेगळी असू शकते, म्हणून कुठला कुठे होता ते लिहून ठेवा. शेवटचा बोल्ट सोडवताना एक हात सेल्फखाली असू द्या. आकारावरून वाटतो त्यापेक्षा तो जड असतो. तोंडावर पडू देऊ नका आणि वायरींवर लोंबकळू देऊ नका.

सेल्फ निघाला की त्या जागेत बॅटरीचा उजेड टाकून रिंग गिअरचे दात पाहा. दात तुटलेले असतील, तर नवा सेल्फही लवकर खराब होईल. ते काम गिअरबॉक्स उतरवून करावे लागते, म्हणून गॅरेजमध्येच न्या.

नवा सेल्फ जुन्याशेजारी ठेवून बोल्टची भोके, बेंडिक्सचे दात आणि वायरींच्या जागा जुळवा. जेथे तो टेकतो तो धातूचा पृष्ठभाग घासून स्वच्छ करा, कारण सेल्फची परतीची वीज त्याच्या अंगातूनच जाते. बोल्ट आधी हाताने काही आटे फिरवा, सरळ बसले की पान्याने आवळा. वायरी जोडा, रबरी टोपी चढवा आणि वायर सायलेन्सरला टेकत नाही ना ते पाहा. शेवटी बॅटरीची वजा वायर जोडा. गाडी न्यूट्रलमध्ये आहे याची खात्री करून चावी फिरवा. इंजिन चालू झाल्यावर बॅटरीवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसले, तर चार्जिंगही ठीक आहे.

इंजिन चालू झाल्यावरही सेल्फ फिरतच राहिला, तर लगेच चावी बंद करा. तरीही थांबला नाही, तर बॅटरीची वजा वायर काढा.

ज्या गाडीला बटण दाबून सुरू करण्याची सोय आहे, जी सिग्नलवर आपोआप बंद होते, जी वॉरंटीत आहे किंवा जिथे सेल्फपर्यंत पोचायला इंजिनाचे इतर भाग उतरवावे लागतात, ती गाडी घरी उघडू नका.

नवा की दुरुस्त?

सेल्फ काढला म्हणजे नवाच घ्यायचा, असे नाही. कार्बन, बुश, बेंडिक्स आणि सोलेनॉइड हे सुटे भाग बऱ्याच जुन्या गाड्यांसाठी वेगवेगळे मिळतात. काढलेला सेल्फ सेल्फ-डायनामोच्या कारागिराकडे नेला, तर तो समोर उघडून दाखवील. नुसते कार्बन झिजले असतील, तर थोडक्यात भागते. आर्मेचरच्या तारा जळाल्या असतील, तर दुरुस्तीचा आणि नव्याचा भाव शेजारी मांडून ठरवा. हातोडीने ठोकून सेल्फ चालवणे हा तात्पुरता उपाय आहे. झिजलेले कार्बन त्याने क्षणभर टेकतात. पण नव्या पद्धतीच्या सेल्फमध्ये आत चुंबके असतात, ठोकल्याने ती फुटतात.

जुना सेल्फ दुकानात तसाच सोडून येऊ नका. त्यात तांबे असते, त्याला किंमत आहे. बदल्यात देत असाल, तर तेवढी रक्कम बिलात वजा करून मागा. पावती घ्या आणि त्यावर भागाचा क्रमांक व वॉरंटीचा काळ लिहून घ्या.

गाडीची वही

गाडी कमावती असेल, तर तिची वही ठेवा. तारीख, किलोमीटर, कुठला भाग बदलला, किती पैसे, किती दिवस गाडी उभी राहिली. वर्षाच्या शेवटी कळेल की गाडी आपल्याला पोसते आहे की आपण गाडीला.

गॅरेजवाल्यावर अविश्वास दाखवा, असा आमचा हेतू नाही. कित्येक कारागीर प्रामाणिक आहेत आणि त्यांच्या हातात आपल्याहून मोठी विद्या आहे. पण जो माणूस “दिवे मंद होतात, बॅटरी साडेबारा दाखवते, अर्थिंग साफ केले आहे” असे सांगत गॅरेजमध्ये जातो, त्याला कारागीर बरोबरीने वागवतो. दहावी झालेल्या आपल्या मुला-मुलींना या कामाची गोडी लागली, तर आयटीआयतला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्याची चौकशी करा. अंगणात मीटर धरून उभी राहिलेली मुलगी उद्या स्वतःचे गॅरेज चालवील, यात अशक्य काही नाही. येत्या रविवारी निदान एवढे करा. गाडीचे बॉनेट किंवा सीट उघडा, बॅटरीची टर्मिनले पाहा आणि घरातल्या सर्वांना दाखवा.