हाक, करणी आणि चित्तविकृती

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून लोक नुकते निजले असता, किल्लारीच्या भूकंपाने औसा व उमरगा तालुक्यांत मृत्यूचे थैमान मांडले आणि शेजारच्या निलंग्यालाही हादरविले. त्यानंतर एखाद्या वृद्धेने, ढिगाऱ्याखाली गेलेल्या मुलाची हाक रात्री स्पष्ट ऐकू येते असे सांगितले असते, तर तिला वेड लागले असे म्हणण्याचा अधिकार कोणास होता? वेल्समधील डॉ. डेवी रीस यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २९३ विधवा-विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी दिवंगत जोडीदाराच्या सान्निध्याचा अनुभव सांगितला होता. हे शोकाचे भास होत; आपले माणूस गेले आहे, हे भान त्यांत सुटत नाही.

चित्तविकृतीत, म्हणजे सायकोसिसमध्ये, खरे काय आणि भास काय, हे भानच सुटते. आपण मनातल्या मनात बोलतो तेव्हा, हा शब्द माझाच आहे, अशी वर्दी मेंदू आपल्या श्रवणकेंद्राला देत असतो. ती पोहोचेनाशी झाली की स्वतःचाच विचार परक्याचा आवाज होऊन कानी पडतो, असे एक मत आहे. दुसरे मत डोपामाइन या द्रव्याविषयीचे. कोणती गोष्ट महत्त्वाची, यावर मोहोर उठविणे हे त्याचे एक काम. त्याचा अतिरेक झाला म्हणजे ती मोहोर पारावरच्या हसण्यावर, शेजाऱ्याने लावून घेतलेल्या दारावर, कशावरही उमटू लागते. मग बिचारे मन या साऱ्यांची संगती लावू पाहते, आणि 'माझ्यावर करणी केली आहे' ही संगती आमच्या मुलखात फार लवकर हाती लागते. परदेशातील रुग्ण ज्या ठिकाणी हेरांचे नाव घेतो, त्या ठिकाणी आमचा रुग्ण भानामतीचे घेतो. व्याधी मात्र एकच.

येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. भानामती झाली म्हणून ज्या स्त्रिया एकाएकी घुमू लागतात, त्या बहुधा या व्याधीच्या रुग्ण नसतात. असह्य कोंडमाऱ्याला देहाने शोधलेली ती वाट असते, आणि तिचा इलाज निराळा.

चित्तविकृतीवर पहिले परिणामकारक औषध, क्लोरप्रोमाझिन, १९५२ साली पॅरिसमध्ये दले व देनिकेर यांनी वापरले. इलाजाला जितका विलंब, तितकी सुधारणा कष्टसाध्य, हे आता पुरते ठाऊक असूनही 'बाहेरचे आहे' म्हणून देवऋष्याच्या दारात महिनेच्या महिने जातात, याचे मला अतोनात दुःख वाटते. भूत उतरविण्याच्या मिषाने साखळीने बांधणे वा मारणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे. परंतु ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी ही राज्याची चार जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेरच असल्याने निलंग्याच्या नातलगाला पहिला सल्ला जवळ कोठे मिळावा, हाही प्रश्न खराच. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या सरकारी क्रमांकावर दूरध्वनीवरून तो मिळू शकतो.

तेथे करणी कोणी केली, हे कोणी विचारणार नाही. मुलाची झोप कधीपासून उडाली, तो जेवणाचे ताट संशयाने दूर सारतो काय, एकटाच कोणाला उत्तरे देतो काय, हे विचारतील. आणि ही उत्तरे घरातल्या आईपाशी बहुधा फार आधीपासून असतात.