वालाला मोड आलेत

शनिवार, २३ नोव्हेंबर २०१९. सकाळचे आठ वाजून गेलेत. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, उद्यान गणेशाच्या देवळापासून थोडं पुढे, एका आजोबांच्या मांडीवर आजचा पेपर उघडा आहे. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, असं पहिल्या पानावर ठळक छापलंय. शेजारच्या मुलाच्या फोनवर मात्र देवेंद्र फडणवीस राजभवनात शपथ घेताहेत. त्यांच्यामागून अजित पवार उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतात. आजोबा चष्मा कपाळावर सरकवून फोन बघतात, मग पेपर, मग पुन्हा फोन.

"जुना आहे का रे हा?"

"नाही आजोबा, आत्ताचा आहे."

बघता बघता फेऱ्या मारणारे थांबतात. एरवी ह्या वेळेला कट्ट्यालगत पावलांचा सलग आवाज असतो, तो तुटलाय. घोळके झालेत. प्रत्येक घोळक्यात एक फोन वर धरलेला आणि त्याच्याभोवती डोकी. "पहाटे राष्ट्रपती राजवट उठवली म्हणे." "किती वाजता?" "पाच सत्तेचाळीस." कुणीतरी मोठ्याने हसतं, कुणी शिवी घालतं, एक बाई नुसत्याच "अरे देवा" म्हणतात आणि चालू लागतात.

मला हसू येत नाही. महिन्यापूर्वी, २१ ऑक्टोबरला, मी रांगेत उभी राहून मत दिलं. २४ तारखेला आकडे आले: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. भाजप-शिवसेना युतीला बहुमत होतं आणि तरी सरकार झालं नाही. १२ नोव्हेंबरपासून राष्ट्रपती राजवट. परतीच्या पावसानं आणि त्यानंतरच्या अवकाळीनं शेतं झोपवली, कांदा सडला, द्राक्षांचे मणी गळाले, आणि राजवटीच्या ह्या दिवसांत मंत्रालयात विचारायला मंत्री नाही. आता झोपेतून उठते तर हे. माझं मत आत्ता नक्की कुणाच्या खिशात आहे, हे मला कळत नाही, आणि ह्या न कळण्याचा राग घशात येऊन बसलाय. कट्ट्यावरच्या एका ओळखीच्या गृहस्थांशी मी ताडताड बोलते. काय बोलते, ते माझं मलाच धड ऐकू येत नाही.

मैदानात नेट चालू आहेत. ह्याच मैदानात क्रिकेट शिकवून आचरेकर सरांनी मुलं घडवली. सर ह्या वर्षीच्या जानेवारीत गेले. आता दुसरे शिक्षक आहेत, दुसरी मुलं. पॅड मांडीच्याही वर जाणारा एक लहानगा फलंदाजीला उभा आहे. "डावा पाय काढ. पुढे. अजून पुढे," शिक्षक ओरडतात. चेंडू येतो, पाय मागेच राहतो. "परत." घोळक्यांकडे त्या दोघांचं लक्षच नाही. पलीकडे समर्थ व्यायाम मंदिरात एक मुलगी मल्लखांबाला पायांची पकड घालून उलटी लटकलीय, दोन्ही हात सोडून. मी बघत उभी राहते. ती हात जोडते, श्वास सोडते आणि सावकाश उतरते. उतरायला तिला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही.

आणि एकदम आठवतं: घरी वालाला मोड आलेत.

देवळाबाहेर वसईच्या मावशी बसल्यात. पहाटेच्या लोकलनं पाटी घेऊन येतात. शनिवार म्हणून मारुतीसाठी रुईच्या पानांच्या माळा आहेत. पाटीच्या एका कडेला ओल्या फडक्याखाली जास्वंदीच्या कळ्या. कळ्या अजून मिटलेल्या. घरी जाऊन देवापुढे ठेवल्या की उन्हं वर आल्यावर उमलतील.

"ताई, काय झालंय? सगळे फोनलाच चिकटलेत."

मी सांगते. त्या ऐकून घेतात, माळ कागदात गुंडाळतात.

"मग बंद-बिंद करणारेत का? गाड्या चालू राहतील ना?"

"राहतील असं वाटतं."

"दुपारची विरार मिळाली म्हणजे झालं. घरी सून एकटी आहे, दिवस भरलेत तिचे."

घरी येते तेव्हा पॅसेजमध्ये वर्तमानपत्र पसरून आई बसल्यात. माझ्या सासूबाई. टीव्ही त्यांनी आतून असा फिरवून ठेवलाय की बाहेरून दिसावा. समोर पंच्यात बांधलेले कडवे वाल. गुरुवारी रात्री भिजत घातले, शुक्रवारी सकाळी उपसून बांधले, आणि आज पंचा सोडला तर प्रत्येक दाण्याला बोटाच्या पेराएवढा पांढरा मोड. पेणहून आईंच्या भाचीनं पाठवलेत. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरते तेवढ्यावर येणारा हा वाल. वरून पाणी द्यावं लागत नाही. चवीला किंचित कडसर, आणि तो कडसरपणा नसेल तर आई त्याला वालच म्हणत नाहीत.

मोड आलेले वाल थांबत नाहीत. आज सोलले नाहीत तर उद्या मोड लांबतील, दाणा पोचट होईल, वास बदलेल. सरकार राहो की जावो, आजच सोलायला हवेत.

कोमट पाण्याचं पातेलं मध्ये ठेवते. वाल त्यात घातले की साल सैल होते. अंगठा आणि तर्जनीत दाणा धरायचा, मोडाच्या विरुद्ध टोकाला हलकेच दाबायचं, की आतली पोपटी डाळिंबी सुळकन बाहेर येते. जोर जास्त झाला तर दोन फाका होतात. कमी झाला तर साल सुटत नाही. किलोभर वाल म्हणजे दीड-दोन तासांचं काम, ते एकटीनं करायचं नसतं. आई समोरच्या काकांना हाक मारतात. वरच्या वहिनी जिन्यातून उतरतच असतात, त्यांनाही.

इथं मला थोडं सांगायला हवं. काका बेस्टमधून निवृत्त झालेत, आणि तरुणपणापासून शिवाजी पार्कवरचा शिवसेनेचा दसरा मेळावा त्यांनी क्वचितच चुकवलाय. वहिनींचे यजमान भाजपचं बूथचं काम बघतात. ऑक्टोबरात दोघं मिळून आमच्या बिल्डिंगीत मतदारांच्या चिठ्ठ्या वाटत होते, एकाच पिशवीतून. निकालानंतर मुख्यमंत्रिपदाच्या अडीच-अडीच वर्षांचा वाद सुरू झाला, आणि बिल्डिंगीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोघांत असं काही लिहिलं गेलं की त्यानंतर लिफ्टमध्येही ते एकमेकांकडे बघेनासे झाले. वहिनी तेव्हापासून काकांशी बोलताना मान खाली घालतात. हे मला फार लागलं होतं. मुंबईत शेजार म्हणजे अर्धं घर असतं.

आज काका आणि वहिनी एकाच पातेल्यात हात घालून बसलेत.

साडेबाराच्या सुमाराला टीव्हीवर यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान दिसतं. शरद पवार आणि उद्धव ठाकरे शेजारी बसून पत्रकारांशी बोलताहेत. काकांचा फोन वाजतो, वाजत राहतो. ते हात बघतात: दहाही बोटं बुळबुळीत. उचलत नाहीत. माझाही फोन आत ओट्यावर थरथरतोय, वहिनींचा त्यांच्या कमरेला. कुणीच उठत नाही. हात ओले असले की फोन घेता येत नाही, ही किती साधी सोय आहे! सकाळपासून पहिल्यांदा मला माझा श्वास खोल गेलेला जाणवतो.

कुणी म्हणेल, राज्यात एवढी उलथापालथ आणि ह्यांना वालाच्या बिरड्याचं पडलंय. मला ते मान्य नाही. सकाळी कट्ट्यावर मी नुसती धुमसत होते. आत्ता, दाण्यामागून दाणा सोलताना, तोच विषय निघतो तेव्हा मला नीट प्रश्न सुचतात. राष्ट्रपती राजवट उठवायची तर केंद्रात मंत्रिमंडळाची मंजुरी लागते ना, मग रात्रीत ती कधी मिळाली? पक्षांतरबंदीतून सुटायचं तर दोन तृतीयांश आमदार हवेत. काका हिशेब मांडतात: चोपन्नाचे छत्तीस. "तेवढे आहेत का अजित पवारांकडे?" वहिनी विचारतात. हा प्रश्न त्या काकांना विचारतात, थेट, मान वर करून. काका म्हणतात, "माहीत नाही गं. सभागृहात मोजल्याशिवाय कळणार नाही. एकशे पंचेचाळीस लागतात." तेवढंच. ह्याच वाक्यावर ग्रुपवर वीस मेसेज पडले असते. इथं पुढचा दाणा हातात आहे, त्याला दोन बोटं लागतात आणि थोडं लक्ष लागतं, म्हणून वाक्य जिथं संपतं तिथं संपतं.

एकच्या पुढे काका म्हणतात, "आता तो कोहली लावा बघू." कोलकात्यात भारताचा पहिला दिवस-रात्र कसोटी सामना चालू आहे, गुलाबी चेंडूवर. काल बांगलादेश १०६ धावांत गेला, कोहली ५९ वर नाबाद आहे. आई रिमोट पदराच्या टोकात धरून दाबतात. चेंडू खरोखरच गुलाबी दिसतो, आणि आई विचारतात, "हा रंग उन्हात दिसतो तरी का त्यांना?" ह्यावर चर्चा होते. शतक लागतं तेव्हा पातेल्याच्या तळाशी मूठभर वाल उरलेत.

कांदा ऐंशीच्या पुढे गेलाय, पण डाळिंब्यांच्या उसळीला आमच्याकडे कांदा लागत नाही. तेलात मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब, हिरवी मिरची. डाळिंब्या घालून झाकणावर पाणी ठेवायचं. उलथनं घालायचं नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं, नाहीतर डाळिंबी मोडते. शिजत आल्यावर गूळ, आमसुलं, ओलं खोबरं. काका स्वयंपाकघराच्या दारातून म्हणतात, "गूळ जरा हात राखून." वहिनी म्हणतात, "असू दे हो काका, थोडा जास्तच घाल गं." गुळावरून दोघांचं जुंपतं. मी दोन वाट्या बाजूला काढते, एकीत कमी, एकीत जास्त. वहिनींच्या घरी डबा जातो, आणि काका तो स्वतः वर नेऊन देतात. दार कोण उघडतं, काय बोलणं होतं, हे मला ठाऊक नाही. काका लगेच खाली येतात, डबा तिथंच ठेवून.

पुढचे दिवस भराभर जातात. रविवारी सुटी असूनही सर्वोच्च न्यायालय बसतं. सोमवारी संध्याकाळी एका हॉटेलात फडणवीसांच्या विरोधातले एकशे बासष्ट आमदार हात पुढे करून शपथ घेतात. मंगळवार २६ तारीख: संविधानदिन, आणि आमच्या शहराला अकरा वर्षांपूर्वीची दहशतवादी हल्ल्याची ती रात्र आठवण्याचाही दिवस. सकाळी न्यायालय सांगतं, उद्या पाच वाजेपर्यंत बहुमत सिद्ध करा, मतदान उघड, प्रक्षेपण थेट. दुपारी आधी अजित पवार, मग फडणवीस राजीनामा देतात. मी तेव्हा बँकेच्या रांगेत आहे. रांगेतल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात आणि काउंटरवरची मुलगी म्हणते, "पुढे या, पुढे या."

गुरुवार, २८ नोव्हेंबर. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. पहाटे साडेपाचला दादरच्या फुलबाजारात पाऊल ठेवायला जागा नाही. घट मांडायचा म्हणून बायका पाच फळं, आंब्याचे डहाळे, शेवंतीच्या वेण्या घ्यायला उतरल्यात. टेम्पोतून गोण्या खाली येताहेत, तागाचा ओला वास, झेंडूचा उग्र वास, पायाखाली चिखल आणि पाकळ्या. पांढऱ्या शेवंतीची पाटी उघडली की तिथली हवा गार होते, मी हात आत घालून ठेवते. विकणारा काही म्हणत नाही, ओळखीचा आहे. शिवाजी पार्कला आज फिरायला जाता येणार नाही. संध्याकाळी उद्धव ठाकरे तिथं शपथ घेणार आहेत. मैदानात मंच उभा राहिलाय, कट्ट्याभोवती पोलीस आहेत. काका सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार. वहिनी माझ्याबरोबर बाजारात आल्यात, वेण्या निवडताहेत, त्यांच्या घटासाठी एक आणि आईंसाठी एक.

जुन्नरकडून झेंडू घेऊन आलेला एक शेतकरी टेम्पोच्या फाळक्यावर बसून चहा पितोय. मला माल आणणाऱ्यांशी बोलायला आवडतं. दिवाळीत पावसानं अर्धा झेंडू काळा पडला, तो सांगतो. जे रोप उभं राहिलं त्याचं हे फूल. राज्यपालांनी हेक्टरी आठ हजार जाहीर केलेत खरिपाला. तलाठी येऊन पंचनामा करून गेला, कागद घरी आहे, पैसे नाहीत.

"मी तर एक एकरवाला. आठ हजारातले किती येतील माझ्या वाट्याला, तुम्हीच सांगा."

मी मनात भाग देते. तीन हजार दोनशे. सांगते. तो मान हलवतो, त्यानं हिशेब आधीच केलेला असणार. ग्लास विसळून चहावाल्याला परत देतो आणि उभा राहतो. ऊन चढायच्या आत माल हलायला हवा, नंतर भाव पडतो.

"पुढच्या गुरुवारी येताय ना ताई?"

"येईन की. शेवंती आणा थोडी."

"आणतो. तोवर खातेवाटप झालं असेल तर मला सांगा, कृषी कुणाकडे गेलं ते. तुम्ही रोज पेपर वाचता."