निळा दिवा, हिरवं पाणी

सकाळी ६.३०

चहा उकळेपर्यंत फोनवर टाक्यांचे फोटो येऊन पडलेले असतात. आजचा पहिला मुलुंडच्या काकूंचा. "दादा, पाणी पालकाच्या पाण्यासारखं झालंय. भाचा म्हणतो यूव्ही बसवा. येताना घेऊनच या." मी कळवतो, "आधी बघतो, काकू."

लोकांच्या घरच्या फिशटँक सांभाळणं हा माझा धंदा. यूव्ही म्हणजे अतिनील किरणांनी पाण्यातले जंतू मारणारं यंत्र. ते खपलं की चार पैसे सुटतात, म्हणून 'नको' म्हणताना खिसा कुरकुरतो. तरी बहुतेक घरांत नकोच म्हणावं लागतं. हल्ली टाकीत काहीही बिघडलं की लोकांना हाच एक इलाज सुचतो.

सायफन, अँटी-क्लोरीन, टेस्ट किट, जुने टॉवेल, ओ-रिंगा, व्हिनेगरची बाटली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली नवी ट्यूब एवढं पिशवीत भरून डोंबिवलीहून लोकल पकडतो. गर्दीत पिशवी पोटाशी. ट्यूब काचेची आहे.

८.३०

घोडबंदर रोडवरचा एक दवाखाना. वेटिंग रूममध्ये चार फुटी टाकी, खाली कॅनिस्टर फिल्टर, त्याच्या परतीच्या नळीवर यूव्ही. दीड-दोन वर्षांपूर्वी दुसऱ्याच कोणीतरी बसवलेला, तेव्हापासून रात्रंदिवस चालू.

"बदलायची कशाला? जळतेय की ट्यूब," डॉक्टर म्हणतात.

जळतेय, पण आपल्याला दिसतो तो निळसर उजेड. जंतू मारणारा किरण २५४ नॅनोमीटरचा, तो डोळ्यांना दिसतच नाही. ट्यूब जुनी झाली की निळा उजेड तसाच राहतो आणि कामाचा किरण ओसरत जातो. साधारण आठ-नऊ हजार तास हे अशा ट्यूबचं आयुष्य, आणि वर्षाचे तास होतात ८,७६०. डॉक्टरांना हिशेब लगेच पटतो. स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरची ट्यूब ते न चुकता बदलून घेतात. यंत्र तेच, फक्त इथे पाणी माशांचं.

प्लग काढतो. ही पायरी कधीही गाळायची नाही. उघड्या ट्यूबकडे नुसतं बघितलं तरी वेल्डिंगची झळ लागल्यासारखे डोळे चुरचुरतात, तेही काही तासांनी, म्हणून तेव्हा कळत नाही. नट सैल करून आतली क्वार्ट्झची नळी बाहेर ओढतो. साधी काच हा किरण अडवते, म्हणून ट्यूबभोवती क्वार्ट्झ लागतं. ही नळी मात्र पांढरट झालीय, वरून बोट फिरवलं तर खरखरीत लागते. या पट्ट्यात टँकरचं जड पाणी येतं, त्याचा क्षार ट्यूबच्या उष्णतेने नळीवर बसतो. म्हणजे ट्यूब थकलेली आणि वर हा पडदा. या यंत्राने वर्षभर फक्त वीज खाल्ली. व्हिनेगरमध्ये भिजत ठेवतो, मऊ फडक्याने पुसतो, पुन्हा भिजवतो. ओ-रिंग चपटी झालीय, ती बदलतो, नाहीतर आत पाणी शिरेल. नवी ट्यूब घालून खोक्यावर मार्करने आजची तारीख लिहितो. जुन्या ट्यूबमध्ये थोडा पारा असतो. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्यायची.

हे तंत्र काही नवं नाही. पिण्याचं पाणी या किरणांनी निर्जंतुक करण्याचा प्रयोग फ्रान्समधल्या मार्सेय शहरात १९१० साली झाला होता. शंभर वर्षांनंतरही प्रश्न तेच, ट्यूब किती ताजी आणि पाणी तिच्यासमोर किती वेळ थांबतं.

११.००

मुलुंड. काकूंची टाकी गॅलरीच्या दाराशी, सकाळचं ऊन थेट पाण्यात. गोल्डफिश तीन, आणि नातू येता-जाता दाणे टाकतो. खरं सांगायचं तर हिरव्या पाण्यावर यूव्ही रामबाण. पाण्यात तरंगणारं शेवाळ ट्यूबसमोरून जात राहतं आणि चार-आठ दिवसांत पाणी आरपार दिसतं. काचेवर चिकटलेलं शेवाळ मात्र जागचं हलत नाही, त्यामुळे ते तसंच राहतं. आणि मेलेलं शेवाळ कुठे जातं? फिल्टरच्या स्पंजात. तिथे कुजून पुन्हा खत तयार. ऊन आहे, खत आहे, म्हणजे यूव्ही बंद केला की पाणी परत हिरवं.

"मग करू काय?"

"पडदा लावा, काकू. दिवा सहा-सात तासांवर नको. दाणे निम्मे. दर आठवड्याला पाव टाकी पाणी मी बदलतो."

टाकी हलवायला दुसरी जागाच नसती तर मी स्वतःहून यूव्ही सुचवला असता. इथे पडद्याने भागतं. भाच्याला ते फारसं पटलेलं नाही, असं काकूंच्या चेहऱ्यावरून दिसतं.

१.००

स्टेशनबाहेर वडापाव. तेवढ्यात फोन. एकाने टाकीत वनस्पती लावल्यात, लोहाचं खत घालतो, तरी पानं पिवळीच. यूव्ही चालू आहे का विचारतो. आहे. त्या प्रकाशात खतातलं लोह वाया जातं. खत घातल्यावर एक-दोन दिवस बंद ठेवायला सांगतो.

२.००

घाटकोपर. कॉलेजात शिकणारी ताई. रविवारी कुर्ल्याहून टेट्रा मासे आणले आणि थेट टाकीत सोडले. आज सगळ्यांच्या अंगावर मिठाचे कण पेरल्यासारखे ठिपके. व्हाइट स्पॉट. तिने यूव्ही ऑनलाइन पाहूनही ठेवलाय.

तिला समजावतो. ठिपक्यातला जीव माशाच्या कातडीखाली बसलाय, तिथे किरण पोहोचत नाही. तो पिकला की सुटून तळाशी जातो, वाळूत कोष करतो आणि एकाची शेकडो पिल्लं होतात. तिथेही किरण नाही. पिल्लं पाण्यात पोहतात तेवढाच काळ ती सापडू शकतात, तीही नळीतून गेली तर. दोन फुटांच्या टाकीत त्यांना पंपापेक्षा मासा आधी भेटतो. शिवाय शेवाळाला पुरणारा मारा या परजीवीला पुरत नाही, त्याला कितीतरी पट जास्त लागतो.

म्हणून हिटरने तापमान हळूहळू ३० अंशांवर, हवेचा पंप जोरात, औषध, आणि रोज वाळूचा सायफन. उद्या यूव्ही घेतलाच तर औषध चालू असेपर्यंत बंद, कारण काही औषधं त्या प्रकाशात निकामी होतात.

"दादा, पण यूव्हीने चांगले बॅक्टेरिया मरतात ना?"

फारसे नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू स्पंजाला आणि वाळूला चिकटून राहतात, पाण्यात हिंडत नाहीत. यूव्हीवर नसता आळ मीही येऊ देत नाही.

४.३०

कुर्ला. एका दुकानात ट्यूब पोचवायची. भिंतभर टाक्या, सगळ्यांचं पाणी एकाच सामाईक टाकीत, म्हणजे संपमध्ये. एका टाकीतला रोग पाण्याबरोबर सगळीकडे, म्हणून इथे यूव्ही हवाच. पण शेठनी पंप मोठा लावलाय. दहा लिटरची बादली नळीखाली धरली तर पंधरा सेकंदांत भरते, म्हणजे तासाला २,४०० लिटर. एवढ्याशा ट्यूबसमोरून पाणी असं धावत गेलं तर त्याला काय होणार! "शेठ, कॉक अर्धा बंद करा." शेठ हसतात. कॉक मीच फिरवतो.

६.३०

हार्बर लाइनने चेंबूर. खाऱ्या पाण्याची टाकी, पोवळी, कोळंबी. समुद्री माशांनाही असाच पांढरा ठिपका होतो आणि त्यावर तांब्याचं औषध चालतं, पण तांब्याने पोवळी आणि कोळंबी मरतात. अशा ठिकाणी यूव्हीचा आधार खरा. नळी पुसून निघतो.

९.३०

घरी. घाटकोपरच्या ताईचा मेसेज, "मग घेऊच नको का?" तिला लिहिलेलं उत्तर इथेही देतो. गोड्या पाण्यातल्या दहा-पंधरा माशांच्या टाकीला यूव्ही लागत नाही. त्या पैशांत आधी एक झाकणाचा टब, स्पंज फिल्टर आणि हिटर घे. नवे मासे तीन-चार आठवडे त्यात ठेव, मगच टाकीत सोड. त्यानंतरही यूव्ही घ्यावासा वाटला, तर ज्याची ट्यूब आणि क्वार्ट्झची नळी सुटी बाजारात मिळते असाच घे.